तिसरा आग्रह

“ही मघाचीच ना?” विनयानं पोळी लाटता लाटता विचारलं.

“नाही गं. मघाची पितळेची होती. ही निकेलची. आता तिसरी वाजवतो, ती तोंडात लाकडी ठोकळा बसवलेली. डोळे मिटून ऐक आणि फरक सांग.”

“डोळे मिटून पोळ्या लाटू?”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर राजारामनं स्वच्छ पंचा अंथरला होता आणि त्यावर तीन टिन व्हिसल्स, म्हणजे उभ्या धरून फुंकायच्या आयरिश बासऱ्या, शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तिन्ही सारख्याच लांबीच्या, सहा भोकांच्या, एकाच पट्टीच्या. शेजारी सूर मोजायचं छोटं यंत्र होतं. हीट पंप त्यानं सकाळी उठल्या उठल्याच लावला होता, कारण खोली गार असली की नळीतली हवा गार राहते आणि सूर उतरतो. बाहेर हॅमिल्टनचं जुलैमधलं, इथल्या ऐन हिवाळ्यातलं धुकं अजून कुंपणाच्या फळ्यांना चिकटून होतं.

त्यानं तिसरी व्हिसल उचलली आणि खालच्या सप्तकातून वर गेला. वरच्या टोकाला सूर जरा थरथरला. यंत्राचा काटा उजवीकडे झुकला.

श्रुती तिच्या खोलीतून कानातले इयरफोन काढत बाहेर आली. सतरा वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते इंग्रजीच. “बाबा, दे ऑल साउंड लाइक अ केटल.”

“केटल नाही, कुकर,” विनया म्हणाली. “पण कुकर तीन शिट्ट्यांनंतर बंद करता येतो.”

“तुम्ही हसा,” राजाराम म्हणाला. “पितळेची खाली छान घुमते, पण वर गेलं की किंचाळते. निकेलची वर स्वच्छ आहे, खाली पोकळ. ही लाकडी ठोकळ्याची दोन्हीकडे बरी, फक्त गार असली की वरचा सूर फाटतो.”

“बरं. मग?”

“मग काय?”

“त्यानं गुरुवारी पबमध्ये काय फरक पडणार आहे?”

राजारामनं व्हिसल पंच्यावर ठेवली. “सूर नीट लागला तर विचारतील ना कुणीतरी.”

“की राजाराम, तू सुरू कर.”

“हो.”

विनयानं लाटणं बाजूला ठेवलं. ती फार्मसीत दिवसभर लोकांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगायची. तोच संयम तिच्या आवाजात आला. “अहो, तीन वर्षं मी हेच ऐकतेय. आधी फ्लूट जुनी होती, मग व्हिसल स्वस्तातली होती, मग पट्टी चढी होती. तुम्हीच एकदा वाजवायला लागा ना. तिथे कुणी हात धरणारे का?”

“असं कसं? आपण होऊन?”

“हो, खरंच. आपण होऊन कसं!” तिनं पोळी तव्यावर टाकली. “साताऱ्याचे ना तुम्ही. पत्रिका दिल्याशिवाय पंगतीला बसणार नाही.”

राजाराम दूध पावडरच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. पावडरीतला ओलावा मोजणं हे त्याचं काम. २००१ मध्ये पुण्याहून आला तेव्हाही तेच करत होता आणि आताही तेच करत होता. त्या कामात कुणाचं लक्ष वेधलं जात नाही. वेधलं गेलं तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

आल्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या निरोपासाठी सगळे नदीजवळच्या एका पबमध्ये गेले होते. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सातआठ माणसं एकमेकांकडे तोंड करून वाजवत बसली होती. बाकीच्या पबकडे त्यांची पाठ होती. ना स्टेज, ना माइक. एखादी धून संपली की कुणी टाळ्या वाजवत नव्हतं आणि वाजवणाऱ्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं. दोन फिडल्स, म्हणजे व्हायोलिनच, एक गिटार, एक ॲकॉर्डियन आणि एका जाडजूड म्हाताऱ्याच्या ओठांना लावलेली काळ्या लाकडाची आडवी फ्लूट. सगळे मिळून एकच धून वाजवत होते, जणू एकच दोर सगळ्यांनी मिळून ओढायचा होता.

राजाराम ग्लास हातात धरून तिथेच उभा राहिला. धून संपल्यावर म्हाताऱ्यानं त्याच्या हाताकडे पाहिलं.

“तू वाजवतोस,” तो म्हणाला.

राजारामनं खाली पाहिलं. त्याची बोटं ग्लासवर उघडझाप करत होती. “लहानपणी. बांबूची बासरी.”

“मग अर्धं काम झालं. आता अर्धं विसरायचं.” त्यानं कोटाच्या खिशातून एक व्हिसल काढून राजारामच्या हातात दिली. “यावर सुरू कर. सगळे यावरच करतात.”

तो डेस. आयर्लंडमधल्या क्लेअरचा. विशीत इथे आला आणि पुढची सगळी वर्षं शेताशेतांतून दूध गोळा करणारा टँकर चालवला. राजाराम ज्या पावडरीतला ओलावा मोजायचा, त्यातलं काही दूध डेसनं आणलेलं असणार. हे कळल्यावर डेस खूप वेळ हसला होता.

विसरायचं अर्धं म्हणजे काय, ते राजारामला घरी गेल्यावर कळलं. साताऱ्याला त्याच्या बासरीच्या गुरूंनी, श्यामरावांनी, शिकवलं होतं ते असं की वरची तीन भोकं झाकली की सा. व्हिसलवर सप्तक सुरू होतं सहाही भोकं झाकून. त्याची बोटं सारखी नळीच्या मध्यावर सा शोधायची आणि ऐकलेली धून भलत्याच जागी जाऊन पडायची. दुसरं, त्याचा प्रत्येक सूर पुढच्या सुरावर रेलायचा. डेस म्हणायचा, “सरकू नकोस. तू गाडी पार्क करत नाहीयेस. बोटानं टिचकी मार आणि पुढे जा.” एकच सूर दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या बोटाची निसटती टिचकी. ती ऐकू येता कामा नये, पण ती नसली तर लगेच कळायला हवं.

व्हिसल शिकून झाल्यावर डेसनं त्याला आपली दुसरी फ्लूट वापरायला दिली. “लाकूड वाजवलं नाही तर सुकतं,” तो म्हणाला, “आणि मला दोन तोंडं नाहीत.” फ्लूटचे तीन तुकडे होते, मधल्या तुकड्यावर एक बारीक चीर होती आणि तिच्याभोवती दोरा घट्ट गुंडाळला होता. राजारामनं ती घरी नेऊन आधी नीट पाहिली. बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच रुंद असतो. ही आतून शेवटाकडे निमुळती होत गेली होती, त्यामुळे खालची भोकं बोटांच्या टप्प्यात आली होती. व्हिसलमध्ये हवेचा झोत कुठे आपटायचा ते बनवणाऱ्यानं ठरवून ठेवलेलं असतं. मांजरानं फुंकलं तरी सूर येईल, डेस म्हणायचा. वाईट येईल, पण येईल. फ्लूटमध्ये तो झोत ओठांनी ठरवायचा. येईलच असं नाही. पण राजारामच्या ओठांनी तो पहिल्याच संध्याकाळी ठरवला. पंचवीस वर्षांत न वापरलेली एक गोष्ट त्याच्याकडे शाबूत होती, हे कळल्यावर तो पलंगाच्या कडेला जरा वेळ नुसता बसून राहिला.

“गोड वाजवतोस,” डेस म्हणाला. ती तक्रार होती. “गोड जॅममध्ये असतं. फ्लूटवर जरा रागाव.”

मग एके दिवशी डेसनं त्याला एक कॅसेट दिली. क्लेअरमधल्या एका स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेली. मागे कोंबड्यांचा आवाज होता, कुणीतरी खोकत होतं. डेसचा काका फ्लूटवर एक जिग वाजवत होता. तिनाच्या ठेक्यातली, संथ, खालच्या सुरांत फिरणारी.

“हिला नाव नाही,” डेस म्हणाला. “या देशात माझ्याशिवाय कुणाला येत नाही. आता ही तुझी. बसली की गुरुवारी तू सुरू कर. मी मागून येतो.”

राजारामनं ती जिग एका आठवड्यात बसवली. कारखान्यातून सुटल्यावर नदीकाठी गाडी उभी करायची, काचा वर करायच्या आणि वाजवायचं. दोन्ही भाग, सगळ्या टिचक्या, सगळं. घरी पोचायला उशीर झाला की विनया विचारायची, आणि तो ‘ट्रॅफिक’ म्हणायचा. हॅमिल्टनसारख्या छोट्या गावात.

पुढच्याच गुरुवारी दोन धुनांच्या मधल्या शांततेत डेसनं टेबलापलीकडून विचारलं, “काय राज, बसली का ती जिग? कर सुरू.”

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मॉयरानं, म्हणजे फिडल वाजवणाऱ्या शाळेतल्या बाईंनी, गज मांडीवर ठेवला. फ्लूट राजारामच्या गुडघ्यावर होती. ती त्यानं मुद्दाम हातात धरून गरम ठेवली होती. ओठ ओले केले होते.

“छे, छे,” तो हसून म्हणाला. “मला कुठे येतेय एवढ्यात. तुम्हीच वाजवा.”

हे बोलताना त्याला काही ठरवावं लागलं नव्हतं. साताऱ्याला श्यामरावांच्या खोलीत पाहुणे यायचे आणि म्हणायचे, मुलाला वाजवू दे की. मुलानं मान खाली घालून म्हणायचं, मला कुठे येतंय. पाहुण्यांनी म्हणायचं, अरे वाजव रे. मुलानं श्यामरावांकडे पाहायचं, श्यामरावांनी दुसरीकडे पाहायचं. पाहुणे तिसऱ्यांदा म्हणाले की श्यामराव मान हलवायचे आणि मग बासरी पिशवीतून बाहेर यायची. लगेच वाजवायला घेणारा एक मुलगा होता. त्याच्याबद्दल श्यामराव नंतर काही बोलले नव्हते, पण सगळ्यांना कळलं होतं.

राजाराम दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट पाहत बसला.

“बरं,” डेस म्हणाला. “घाई नाही.” आणि मॉयरानं एक रील, चारांच्या ठेक्यातली जलद धून, सुरू केली.

त्यानंतर डेसनं विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी नाही, त्यापुढच्या गुरुवारी नाही. बाकी सगळं तसंच राहिलं. राजाराम येऊन बसायचा, त्याला येणाऱ्या धुना सगळ्यांबरोबर वाजवायचा, न येणाऱ्या धुनांच्या वेळी फ्लूट मांडीवर ठेवायचा. लोक त्याला खुर्ची राखून ठेवायचे. मॉयरा त्याला श्रुतीच्या परीक्षेबद्दल विचारायची. कधी कुणी त्याला सुरू कर म्हणालं नाही.

एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. डेसनंही ती जिग पुन्हा वाजवली नव्हती. तिथला एक रिवाज होता. एखादी धून एखाद्याची असते आणि ती त्यानंच सुरू करायची, बाकीचे मागून येतात. जिग राजारामला दिलेली होती. राजारामला मात्र वेगळंच वाटलं. त्याला वाटलं, डेसला आपण ती दिल्याचा पश्चात्ताप झालाय. आपला सूर त्याच्या काकाच्या जिगला शोभेल असा नाही.

प्रयोगशाळेत आकडा चुकीचा आला की आधी यंत्र तपासायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. म्हणून त्यानं फ्लूटचे सांधे पुन्हा दोऱ्यानं बांधले, आतून तेल दिलं, तोंडाजवळचं बूच हलवून पाहिलं. मग व्हिसल्स मागवायला लागला. इंटरनेटवर जगभरची माणसं व्हिसलच्या तोंडाच्या चिरेबद्दल पानंच्या पानं वाद घालायची. ते सगळं तो वाचायचा. पितळ की निकेल, प्लॅस्टिकचं तोंड की लाकडी ठोकळा, पातळ पत्रा की जाड. त्याचं मत नेमकं होत गेलं. कुणी विचारलं असतं तर त्यानं ते नीट सांगितलं असतं.

त्या जुलैच्या आधीच्या दिवाळीत डेस घरी जेवायला आला होता. विनयानं श्रीखंड-पुरी केली होती, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून आणलेल्या मेथीची भाजी केली होती. डेस चार पुऱ्या खाऊन म्हणाला, “बस, पोट भरलं.” विनयानं पाचवी वाढली. तो म्हणाला, “नको, खरंच.” तिनं सहावी वाढली आणि वर श्रीखंड. “असं काय करता, दोन पुऱ्यांनी काय होतंय?” हे ती मराठीतच म्हणाली. डेस घाम पुसत खात राहिला. श्रुती टेबलाखालून आईला पाय मारत होती.

परत सोडायला जाताना गाडीत डेस म्हणाला, “तुझ्या बायकोला ऐकायला कमी येतं का रे?”

“नाही हो. तिला वाटलं तुम्ही लाजताय.”

“मी लाजत नव्हतो, राज. मी मरत होतो.”

दोघंही फाटकापर्यंत हसत राहिले. दोघांपैकी कुणालाही जिगची आठवण झाली नाही.

त्या जुलैमधल्या रविवारी शेवटी निकाल लागला तो लाकडी ठोकळ्याच्या बाजूनं. गुरुवारी राजाराम ती व्हिसल कोटाच्या आतल्या खिशात घालून पबमध्ये गेला. गार पडू नये म्हणून आतला खिसा. फ्लूट त्यानं घरीच ठेवली होती; आज फक्त व्हिसल ऐकवायची असं ठरवलं होतं. डेसची खुर्ची रिकामी होती.

मॉयरानं सांगितलं. अर्धांगाचा झटका. कालच. शुद्धीवर आहे, बोलतोय, हॉस्पिटलमध्ये आहे.

दुसऱ्या दिवशी कामावरून राजाराम तसाच हॉस्पिटलला गेला. कोट तोच होता. डेस उशांना टेकून बसला होता. चेहऱ्याची डावी बाजू उतरली होती, डावा हात पांघरुणावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. बोलताना शब्दांच्या कडा झिजलेल्या वाटत होत्या, पण कळत होतं.

“ये, दूधवाल्या,” तो म्हणाला. मग उजव्या हाताचं बोट ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं. “हे गेलं. आता फुंकलं तर इथून हवा जाते. नर्सनं स्ट्रॉ दिला होता, तोसुद्धा नाही जमला.”

राजाराम खुर्ची ओढून बसला. त्यानं कारखान्याबद्दल काहीतरी सांगितलं. डेसनं ऐकून घेतलं.

“ती जिग तुला शेवटी आलीच नाही, ना?” डेस म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नकोस. अवघडच आहे ती.”

“आली होती.”

“कधी?”

“तुम्ही कॅसेट दिलीत त्याच आठवड्यात.”

डेसनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “मी विचारलं होतं तुला. सगळ्यांसमोर.”

“एकदाच.”

“मग? किती वेळा विचारायचं असतं?”

राजारामनं सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही जवळजवळ नाहीच. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे समोरच्याला खरंच हवंय. इंग्रजीत सांगताना ते सगळं लहान मुलाच्या खेळाचे नियम सांगितल्यासारखं वाटत होतं.

“मला वाटलं, तुला चारचौघांत नकोसं होतं,” डेस शेवटी म्हणाला. “मी मॉयराला सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. राजला कुणी विचारू नका, बिचारा अवघडतो. आणि तू कधीतरी आपण होऊन सुरू करशील म्हणून मीही वाजवली नाही. तुझी होती ना.”

पलीकडच्या पलंगावरच्या माणसाच्या टीव्हीत रग्बी चालली होती. आवाज बंद होता.

डेसचे खांदे हलायला लागले. राजाराम घाबरून उठला, मग त्याच्या लक्षात आलं की तो हसतोय. अर्ध्या तोंडानं.

“पुऱ्या,” डेस म्हणाला. “देवा रे. पुऱ्या. मी नाही म्हणत होतो आणि ती वाढत होती.”

“हो.”

“मला वाटलं बहिरी आहे.” त्यानं उजव्या हातानं डोळे पुसले. “चल. वाजव मग. हे दुसऱ्यांदा विचारतोय.”

राजारामचा हात कोटाच्या आत गेला. व्हिसल तिथे होती, अंगाच्या उबेनं गरम, वाजवायला तयार. त्यानं ती बाहेर काढली. मग ती जिग त्याला आतल्या आत ऐकू आली. गडद, खालच्या सुरांत फिरणारी, लाकडाची. व्हिसलवर ती एक सप्तक वर गेली असती, पातळ झाली असती. तीन वर्षांनी डेस ती ऐकणार आणि ती अशी ऐकणार? त्याच्या काकाची जिग, पत्र्याच्या नळीवर?

“यावर नको,” तो म्हणाला. “ती फ्लूटची आहे. उद्या फ्लूट घेऊन येतो. नीट ऐकवतो.”

डेस त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं चांगला हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

“ठीक आहे. मग तिसऱ्यांदा उद्या.”

हे म्हणताना तो खूश दिसत होता. एखाद्या परक्या घरी गेल्यावर तिथली पद्धत आपल्याला बरोबर जमली, असं वाटावं तसा.

शनिवारी सकाळी राजारामनं फ्लूटचे तिन्ही तुकडे पंच्यावर मांडले आणि काडीला फडकं गुंडाळून आतून बदामाचं तेल द्यायला घेतलं. फोन विनयानं उचलला. ती ‘हो’ म्हणाली, मग पुन्हा ‘हो’ म्हणाली. मग फोन हातात धरून दारात उभी राहिली.

“मॉयराचा आहे,” ती म्हणाली. “अहो, ते आधी खाली ठेवा.”

अंत्यविधी आटोपून चर्चमधून सगळे पबमध्ये आले. इथल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकानं काहीतरी खायला आणलं होतं; विनयानं शंकरपाळ्यांचा डबा सँडविचेसच्या शेजारी ठेवला होता आणि ती डेसच्या बहिणीजवळ बसली होती. कोपऱ्यातल्या टेबलावर डेसच्या रील्स वाजत होत्या, एकामागून एक. राजारामही वाजवत होता. त्याच्या आणि ॲकॉर्डियनच्या मध्ये एक खुर्ची होती. तिच्यावर कुणी कोट ठेवला नव्हता.

प्रत्येक धून संपली की तो वर पाहायचा. मॉयरा त्याच्याकडे पाहून हळूच हसायची आणि नजर वळवायची. गिटारवालाही तसंच करायचा. त्यांना सांगितलेलं होतं, राजला अवघडवू नका. आणि आज तर कुणीच अवघडवलं नसतं.

एक रील संपली. लोकांनी ग्लास उचलले. कुणीतरी डेसच्या टँकरची एक गोष्ट सांगायला सुरुवात केली.

राजारामनं फ्लूट ओठांना लावली आणि सुरू केलं.

गोष्ट सांगणारा थांबला. पहिला भाग संपला, दुसरा भाग आला, आणि कुणी मागून आलं नाही. कुणाला ती येतच नव्हती. आणि येत नसेल तर वाजवायचं नाही, हा त्या टेबलावरचा पहिला नियम होता. इतक्या वर्षांत त्या टेबलावर कुणी एकट्यानं वाजवलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. माणसांच्या गर्दीनं खोली तापली होती, त्यामुळे फ्लूट किंचित चढली होती. त्याला ते ऐकू येत होतं. त्यानं सूर उतरवायला काहीच केलं नाही.

तिसऱ्या फेरीला गिटारनं हलकेच एक सूर धरला. तिथे धून तीनदा वाजवून पुढच्या धुनेकडे वळायचं असतं, आणि कधी वळायचं ते सुरू करणारा ठरवतो. मॉयरानं भुवया उंचावून विचारलं, बदलायची? राजारामनं मान हलवली. नाही. तिनं लगेच ऐकलं.

चौथ्या फेरीला तिला ओळींचे शेवट सापडले. पाचव्या फेरीला पहिला भाग सापडला. ॲकॉर्डियनवाला डोळे मिटून ऐकत होता, बटणांवर बोटं फिरवत, आवाज न करता. विनयानं कप बशीत ठेवला तेव्हा झालेला आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

दुसऱ्या भागाच्या मध्यावर कॅसेटमधला तो काका श्वास घेण्यासाठी एक सूर सोडतो. डेस तिथेच सोडायचा. राजाराम ऐकून शिकला होता, त्यामुळे तोही तिथेच सोडायचा. या फेरीला तो तिथे आला, त्यानं फ्लूट किंचित खाली केली आणि श्वास घेतला.

फिडलला श्वास लागत नाही. तरी मॉयराचा गज तिथे तारेवरून उचलला गेला, आणि मग दोघं मिळून पुढच्या सुरावर आले.